नकाशातली उडी

दगडांची रास जागेवर नव्हती. सत्यशीलाला आधी वाटलं, लंगड्या कोकराच्या नादात आपणच चार पावलं पुढं आलो. ती मागं गेली, पुन्हा पुढं आली. बोरीचं झुडूप तेच, कडा तोच, कड्याखाली झिऱ्याचं पाणी तेच. फक्त कमरेएवढी रास होती तिथं खाटेएवढा पांढरट डाग उरला होता, आणि इतकी वर्षं दगडाखाली सुखानं राहिलेला एक विंचू नांगी उभारून घर शोधत फिरत होता.

ती रास तिच्या मायची होती. साखराबाईची. एकोणीस वर्षांपूर्वी डोक्यावर भरलेला हंडा आणि हंड्यावर कळशी घेऊन झिऱ्यावरून वर येताना ती इथं घसरली आणि साठ हात खाली गेली. चुंबळ तेवढी बोरीला अडकून राहिली. चुंबळ सापडली तिथं तिच्या नवऱ्यानं, आसारामनं, पहिला दगड ठेवला. तेव्हापासून हटकरवाडीचं कुणीही या वाटेनं वर आलं, की खालून एक दगड उचलून आणायचं, राशीवर ठेवायचं आणि म्हणायचं, "टेक, साखराबाई, दमलीस." एवढंच. ना हळद, ना कुंकू, ना नारळ. मेंढरामागं फिरणाऱ्या माणसांना याहून जास्त काही जमत नाही, आणि मेलेल्या माणसाला याहून जास्त काही लागतही नाही.

डागाच्या कडेला दोन लोखंडी नळ्यांवर नवाकोरा बोर्ड उभा होता. सत्यशीला सातवी शिकलेली, वाचायला तिला कुणाची गरज नव्हती. 'साखराबाईची उडी. सेल्फी पॉइंट. बालाघाट पदभ्रमण मार्ग, टप्पा चार. श्रेणी : सोपी.' खाली काळ्या ठिपक्यांचा चौकोन. तिनं त्यावर मोबाईल धरला, नकाशा उघडला. डोंगरावरून एक पिवळी रेघ वळणं घेत चालली होती आणि या जागी लाल बदाम होता. बदामावर बोट ठेवलं तर मजकूर आला. 'साखराबाई नावाची सुंदर मेंढपाळ तरुणी परगावच्या तरुणाच्या प्रेमात पडली. घरच्यांच्या विरोधामुळे तिने या कड्यावरून उडी घेतली. आजही वाऱ्यात तिची हाक ऐकू येते, असे ग्रामस्थ सांगतात.'

"कोन ग्रामस्थ बे?" ती बोर्डालाच म्हणाली, एखाद्या गड्यासारखी.

तिच्या अंगाचा नुसता भडका उडाला. माय मेली तेव्हा छत्तीस वर्षांची होती. तीन लेकरं, एकशेदहा मेंढरं आणि खोकणारी सासू. त्या दिवशी सकाळी पिठाची परात उघडी ठेवली म्हणून तिनं सत्यशीलाला एक थोबाडीत दिली होती आणि पाठोपाठ लंगड्या मेंढीला शिव्या घातल्या होत्या. या बाईला प्रेमात पडायला सवड कधी होती? आणि परगावचा तरुण कोण? मायनं परगाव म्हणून पाहिलं ते केज, तेही बाजाराच्या दिवशी.

पुढं निघाली तर पन्नास-पन्नास पावलांवर वाटेच्या कडेला तीन-तीन दगड रचलेले, वर पिवळा रंग आणि बाण. पाचव्या ठिकाणी ती थांबली. काळ्या दगडातून पांढरी शीर गेलेली. हा दगड तिनं स्वतः आणला होता, लग्नाच्या आदल्या दिवशी, बिरोबाच्या देवळामागून. आता त्याच्या तोंडावर पिवळा बाण होता आणि तो भागवतरावाच्या तंबूंकडं बोट दाखवत होता.

भागवतराव म्हणजे पंचायत समितीचे माजी सदस्य, पठारावरच्या साठ एकर सीताफळाच्या बागेचे मालक. बागेच्या पलीकडच्या टोकाला त्यांनी शहरातल्या लोकांसाठी तंबू ठोकले होते. आणि झिऱ्याला जायची जुनी, अलगद उताराची, खिंडीतली वाट याच बागेतून जात होती. एकोणीस वर्षांपूर्वी चैत्रात भागवतरावांनी तिला तारेचं कुंपण घातलं. वाडी कड्याच्या मेंढरवाटेनं पाणी आणू लागली. वैशाखात साखराबाई गेली. उडीची कंडी कुणी पिकवली हे वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. घसरली म्हटलं की लोक विचारणार, या वाटेनं कशाला आली होती? उडी म्हटलं की तो प्रश्नच मिटतो.

आसाराम दारात बसून लोकर निवडत होता. सत्तरी गाठलेला, बोलणं आधीच कमी, साखराबाई गेल्यापासून जवळजवळ बंदच. सत्यशीलाचं सासर चार घरांपलीकडं. नवरा मोठा कळप घेऊन दिवाळीनंतरच तलवाड्याकडं गेला होता, त्यामुळं ती दिवसभर बापाच्याच दारात असायची. तिनं सगळं सांगितलं, बोर्डावरचं वाचून दाखवलं. म्हाताऱ्यानं उडीबद्दल काही विचारलं नाही.

"दगडं कुठं गेली?" एवढंच विचारलं.

"वाटंवर वाटलीत. रंग फासून."

"तिच्या अंगावरचं पांघरून काढलं की गं," आसाराम म्हणाला आणि लोकर खाली ठेवली.

सत्यशीलाला त्याची दया यायला हवी होती. आला तो संताप, आणि तोही जुना, मुरलेला. "तुमी पंचनाम्यावर अंगठा दिला नसता, आबा, तर आज कुनाची टाप न्हवती असं लिवायची. 'पाय घसरून मयत, कुनावर संशय न्हाई.' तारंचं एक अक्षर न्हाई कागदात. कावून दिला अंगठा?"

"मेंढरं कुठं बसवायची होती मग?" म्हातारा जमिनीकडं बघत म्हणाला.

त्या काळी वाडीतल्या सगळ्यांची मेंढरं भागवतरावांच्याच रानात बसायची. लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी मिळायची. ते रान बंद झालं असतं तर वाडीनं काय खाल्लं असतं, हे सत्यशीलालाही कळत होतं. पण कळलं म्हणून राग जात नाही. तिनं बोर्डावरचा नंबर लावला.

"पदभ्रमण समिती, हरिओम बोलतोय."

"उडी मारताना कुनी बघितलं?"

"कोण बोलतंय?"

"उडीची लेक बोलती," सत्यशीला म्हणाली. "उद्या या. आन येताना ते लिवलेलं सोबत आना, माज्यासमोर वाचून दाखवा."

हरिओम आला. केजला एका कॉलेजात भूगोल शिकवणारा, चाळिशीचा, डोक्यावर टोपी, पाठीला पिशवी. माणूस चांगला होता आणि तीच अडचण होती, चांगल्या माणसावर धड ओरडताही येत नाही. सत्यशीला तरी ओरडली. वाडीतली कुत्री उठून लांब जाऊन बसली.

"ताई, चुकलं," तो म्हणाला. "आम्हाला वाटलं, जुन्या लोकांनी वाटेची खूण म्हणून दगड रचलेत. एका जागी इतके कशाला, म्हणून मुलांनी सगळ्या वाटेवर लावले. आणि ती गोष्ट भागवतरावांनी सांगितली. मी आत्ताच्या आत्ता पुसतो." त्यानं मोबाईल काढलासुद्धा.

"थांबा. तुमी पुसताल, पन लोकं वाचून गेलीत. पुसल्यावर उडीच ऱ्हाती त्यांच्या तोंडात. श्रेणी सोपी कुनी लिवली?"

"मी. चढ मोजला, अंतर मोजलं."

"मोजताना हातात काय होतं?"

"मोबाईल."

"चला," सत्यशीला म्हणाली. तिनं घरातली पितळी कळशी घेतली, लुगड्याची चिंधी गुंडाळून चुंबळ केली आणि पुढं निघाली. हरिओम मागोमाग आला. नाही म्हणायची सोय तिनं ठेवलीच नव्हती.

झिऱ्यावर तिनं कळशी काठोकाठ भरली, सरांची टोपी काढून त्यांच्याच पिशवीत कोंबली आणि चुंबळीवर कळशी ठेवली. "माय दोन आनायची, हंडा आन वर कळशी. तुमाला एकच देते. तुमची सोपी वाट हाय, चढा."

पहिली शंभर पावलं हरिओम नीट चढला. एका हातानं कळशी धरायची आणि दुसऱ्या हातानं खडक, हे त्याला लवकर समजलं. मग कड्याची पट्टी आली. तिथं वाट दोन वितींची. डोक्यावर ओझं असलं की मान खाली घालता येत नाही, म्हणजे आपलाच पाय आपल्याला दिसत नाही, हे त्याला तिथं समजलं. पाणी हिंदकळून डोळ्यांत आलं. डोळे पुसायला त्यानं खडकावरचा हात सोडला आणि पायाखालचा मुरूम सरकला.

सत्यशीलानं त्याचा दंड धरला. ती मागं तयारच होती. कळशी मात्र गेली. ती खडकावर आपटली, उडाली, पुन्हा आपटली. पितळेचा आवाज खाली खाली जात राहिला, बराच वेळ. सत्यशीलानं तो आवाज आधी कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी ती घरी होती, पीठ झाकत होती. आता तो पूर्ण ऐकू आला. ती खडकाला पाठ लावून उभी राहिली आणि भागवतरावाच्या सात पिढ्यांना येतील तेवढ्या शिव्या तिनं दिल्या. हरिओम बोरीला धरून बसला होता. काट्यांनी तळवे फाटले होते.

वर आल्यावर त्यानं तळव्यांतले काटे काढले. मग त्यानं पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. केजच्या कचेरीतून काढलेली जुन्या गावनकाशाची नक्कल होती ती. त्यानं बोट ठेवलं. वाडीपासून खिंडीतून थेट झिऱ्यापर्यंत तुटक रेघ गेली होती.

"तुटक रेघ म्हणजे पायवाट," तो म्हणाला. "सरकारी. मी ही आधीच बघितली होती, ताई. भागवतराव म्हणाले, ती आता वापरात नाही, लोक बागेतली फळं तोडतील. मी सोडून दिली."

सत्यशीलानं त्या रेघेकडं बघितलं. म्हणजे कागदावर ती होती. माय गेली तेव्हाही होती. कुणीतरी कधीकाळी मोजणीची साखळी ओढत इथं येऊन ती मोजली होती, आणि वाडीतल्या एकालाही ते ठाऊक नव्हतं.

"मग तुमी नकाशा काढला न्हाई, सर," ती म्हणाली. "तुमी भागवतरावाच्या बागंची राखन केली."

हरिओमचं तोंड पडलं. बरं झालं, असं तिला वाटलं.

दोघं तारेपाशी गेले. रेघ जिथून आत शिरत होती तिथं आज लोखंडी फाटक होतं आणि फाटकाला कुलूप. हरिओम मोबाईलवर जागा टिपत होता, तेवढ्यात भागवतरावांची जीप आली. राखणदारानं वर्दी दिली असणार. भागवतराव उतरले, हसत. रागावलेल्या माणसासमोर हसायची कला त्यांना चांगली अवगत होती.

"सत्यशीले, कावून तापलीस एवढी? तुझ्या मायचं नाव मी पुण्या-मुंबईच्या लोकांच्या तोंडी घातलं. अमर केली तिला."

"आधी मारली, मग अमर केली," सत्यशीला म्हणाली. "लई उपकार झाले."

"जिभेला हाड हाय का न्हाई तुज्या?" हसू जरा आवळलं. "तुजा बाप कागदावर काय लिहून बसलाय, विचार त्याला. कुनावर संशय न्हाई म्हनतो. आन पुढच्या साली मेंढरं कुनाच्या रानात बसवायची, ते बी विचार." मग ते हरिओमकडं वळले. "सर, परवा उद्घाटन हाय. नव्वद लोक येनार. बोर्ड छापले, कार्यक्रम ठरला. आता नकाशात हे असलं काही घुसवू नका. तुमाला समजतंय ना?"

 हरिओमनं कागदाची घडी घातली, वाडीत परतून फटफटीला किक मारली आणि खाली निघून गेला. सत्यशीला त्या धुळीकडं बघत राहिली. असल्या माणसापायी आपण कळशी फुकट घालवली, असं तिच्या मनात आलं. मायची कळशी होती ती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टोपलं घेऊन निघाली. वाटेवरचे सगळे दगड उचलायचे आणि रास पुन्हा रचायची, नव्वद लोक हरवले तर हरवू देत. चौथ्या ठिकाणी पोचली तेव्हा पाठीमागं काठीचा आवाज आला. आसाराम होता. दोन वर्षांत तो वाडीबाहेर आला नव्हता. त्यानं टोपल्यात हात घातला, एक दगड उचलला, रंगाचा बाण फिरवून बघितला.

"रास मागून," तो म्हणाला. "आधी वाट."

"कोनती वाट?"

"तिची. हितून उचल आन तिकडं लाव."

दिवसभर दोघांनी तेच केलं. वाडीतल्या चतुराबाईनं बघितलं, मग ती आली, मग आणखी सहा बाया आल्या. साखराबाईच्या दगडांनी जुनी वाट पुन्हा उठली. वाडीच्या टोकापासून खिंडीत, खिंडीतून थेट फाटकापर्यंत. पिवळे बाण सगळे तारेकडं. बाणाला काय, फिरवाल तिकडं तो बोट दाखवतो.

रविवारी बिरोबाच्या देवळापुढं नारळ फुटला. भागवतरावांनी भाषण केलं आणि ते जीपनं पुढं तंबूंकडं गेले, पाहुण्यांचं स्वागत करायला. नव्वद माणसं टोप्या घालून, काठ्या घेऊन निघाली. सत्यशीला मेंढरं घेऊन फाट्यावर उभी होती, डावीकडं कडा, उजवीकडं खिंड. बाण उजवीकडं होते. पण लोक बाणापेक्षा मोबाईलवर जास्त विश्वास ठेवतात हे तिला ठाऊक होतं, आणि मोबाईलातली रेघ कड्याकडंच जाणार होती. सर तर मेळाव्यात तोंड चुकवत मागं मागं राहत होते. पुढच्या बाईनं स्क्रीन बघितला. 

"उजवीकडे," ती बाई म्हणाली.

सत्यशीलानं घाईघाईनं आपला मोबाईल उघडला. पिवळी रेघ खिंडीतून सरळ गेली होती, बागेतून, झिऱ्यापर्यंत. कड्यावर लाल फुली होती. बदाम गेला होता. फुलीवर बोट ठेवलं तर चार ओळी आल्या. 'साखराबाई आसाराम यांचा मृत्यू येथे झाला. जुनी पायवाट कुंपणाने बंद झाल्यामुळे त्यांना या कड्यावरून पाणी आणावे लागत होते. भरलेले भांडे घेऊन येताना त्या घसरल्या. ही वाट धोकादायक आहे, वापरू नये.' तिनं मागं वळून हरिओमला शोधलं. तो अजून तोंड चुकवतच होता.

फाटकापाशी नव्वद माणसं दाटली. कुलूप बघून काहींनी फोटो काढले, काहींनी चार ओळी मोठ्यानं वाचल्या. एकानं विचारलं, हे फाटक कुणाचं? राखणदार पळत गेला. जीप आली. भागवतराव उतरले तेव्हा हसत नव्हते, पण नव्वद मोबाईल आपल्याकडं वळलेले दिसताच त्यांना हसू आठवलं. माणूस मुरलेला होता. त्यांनी स्वतःच्या हातानं कुलूप काढलं, फाटक उघडलं आणि हात जोडले.

"मित्रहो, ही वाट आज मी जनतेसाठी खुली करतोय."

टाळ्या वाजल्या.  एकोणीस वर्षं वाट गिळून बसलेला माणूस ती दान केल्यासारखी देत होता आणि लोक टाळ्या पिटत होते. सत्यशीला पुढं होणार, तेवढ्यात तिच्या बाजूनं काठी पुढं गेली.

"भागवत," आसाराम म्हणाला. राव नाही, साहेब नाही. "बंद कुनी केलती?"

टाळ्या थांबल्या.

"आबा, जुनं कशाला उकरता," भागवतराव हळू आवाजात म्हणाले.

"मी अंगठा दिलता," आसाराम म्हणाला. त्यानं उजव्या हाताचा अंगठा वर धरला आणि नव्वद माणसांना दाखवला, एकेकाला, नीट. "कुनावर संशय न्हाई, म्हनून दिलता. मेंढरासाठी दिलता. तो अंगठा मी आज माघारी घेतो. माज्या बायकूनं उडी मारली न्हाई. ही वाट ह्यानं बंद केली, म्हनून मेली. कुनाला कागदावर लिवायचं तर लिवा."

 भागवतराव जीपकडं वळले, मग जीपमध्येच बसून राहिले, कारण फाटक माणसांनी भरलं होतं आणि जीपला वाट नव्हती.

आसारामनं काठी टेकली आणि आत पाऊल टाकलं. मागून सत्यशीला, तिच्यामागं मेंढरं, त्यांच्यामागं सगळे. सीताफळांमधून वाट अलगद उतरत गेली होती. कुठं चढ नाही, कुठं खडक नाही. म्हाताऱ्यालासुद्धा कुठं थांबावं लागलं नाही. एक वळण आलं आणि समोर झिरा.

सत्यशीला उभीच राहिली. एवढ्यात? लहानपणी ही वाट तिला लांब वाटायची, आणि एकोणीस वर्षांत तर मनात ती आणखी लांबली होती. कड्यावरून मायला पाऊण तास लागायचा.

"सर," तिनं मागं न बघता विचारलं. "फाटकापासून किती झालं?"

हरिओमनं मोबाईल बघितला.  तिनं तो त्याच्या हातातून ओढून घेतला आणि स्वतः वाचलं.

"नऊ मिनिटं," ती म्हणाली. मग ओरडून म्हणाली, वर फाटकापर्यंत ऐकू जाईल एवढ्यानं. "नऊ मिनिटं, भागवतराव! माज्या मायला नऊ मिनिटाची वाट दिली न्हाई तुमी!"

आसाराम पाण्याच्या काठाशी वाकला होता. परवा कड्यावरून गेलेली, पोचे पडलेली पितळी कळशी त्याला दगडांत सापडली होती. तो ती उलटी करून आतला गाळ काढत होता.